थार मागून बसते: पाटे, वजन आणि वाया गेलेले पैसे (प्रकल्प नोंदी)

गाडी २०१४ची थार सीआरडीई. पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन वजन धरणाऱ्या दांड्या), मागे पाटे (एकावर एक बांधलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या). २०२१मध्ये जुनी घेतली, मागच्या टपाला हार्डटॉप आधीच्या मालकाने बसवलेलं. आम्ही तिघं मित्र सांधण दरीत लोकांना उतरवतो, रॅपलिंग आणि रात्रीचा मुक्काम. नोव्हेंबर ते मे हा हंगाम. जवळजवळ दर शनिवारी नाशिक–घोटी–शेंडी–साम्रद अशी फेरी होते आणि सगळं सामान याच गाडीत जातं.

१९ नोव्हेंबर २०२३

दिवाळीनंतरची पहिली फेरी. काल संध्याकाळी घोटीच्या पुढे अंधार पडला आणि समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारायला लागला. मी लो बीमवरच होतो. तिसऱ्या-चौथ्याने शिवी घातली तेव्हा उतरून पाहिलं. गाडी मागून इतकी बसली होती की पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडत होते. घाटघरकडच्या रस्त्याला प्रत्येक खड्ड्यात मागून ‘धाड’. ॲक्सल थेट रबरी ठोकळ्यावर आपटत होता.

आज परत आल्यावर मोजलं. मोजायची पद्धत साधी: सपाट फरशी, हातब्रेक सोडलेला, गाडी एकदा पुढेमागे ढकलून सैल केलेली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेपने अंतर. चाकाखालून मोजू नका, टायरमधली हवा कमीजास्त असली की आकडा फसवतो.

रिकामी: डावी ४९.०, उजवी ४७.५ सेंमी.
काल निघताना भरलेली (मोबाइलवर नोंद होती): डावी ४३.०, उजवी ४०.५.

उजवी बाजू रिकामी असतानाही दीड सेंमी खाली. हे तेव्हाच डोक्यात शिरायला हवं होतं. शिरलं नाही.

२४ नोव्हेंबर

नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने मागचा बंपर दोनदा दाबला, म्हणाला, “शॉकअप गेलेत.” शॉकअप खरंच जुने होते, एकाला तेलाची ओल होती. दोन्ही नवे टाकले. मजुरीसकट ५,२०० रुपये.

घरी येऊन टेप लावला: ४९.०, ४७.५. मिलिमीटरचा फरक नाही.

फरक पडणारच नव्हता. काढलेला शॉकअप जमिनीवर उभा करून हाताने दाबला तर सावकाश आत गेला आणि तिथेच राहिला. जी वस्तू माझ्या तळहाताने आत जाते ती पावणेपाचशे किलो काय उचलणार? शॉकअप गाडीची उसळी थांबवतो, वजन पाटे धरतात. मेकॅनिकला दोष देत नाही. मी “मागून उडते” अशी तक्रार सांगितली, “मागून बसते” अशी नाही.

३० नोव्हेंबर

आता दुसरा सल्ला, एका ओळखीच्या ऑफ-रोडवाल्याचा: लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारा झुलता दुवा) टाक, गाडी वर येईल. मूळच्यापेक्षा पाच सेंमी लांब शॅकल बनवून घेतले. १,६०० रुपये, अर्ध्या दिवसाचं काम.

रिकामी: ५१.५, ५०.०. अडीच सेंमीने वर. शॅकल जेवढा लांब कराल त्याच्या निम्मंच मागचं टोक उचललं जातं, कारण पाट्याचं पुढचं टोक जागेवरच असतं. तरी खूश होतो. गाडी सरळ दिसत होती.

३ डिसेंबर

खुशी एका फेरीपुरती. सिन्नर फाट्यापासूनच ताशी साठच्या आसपास पायाखाली घरघर. सत्तरला कमी, साठला परत. साम्रदला पोचून गाडीखाली झोपलो तेव्हा दिसलं: पाट्याचा मागचा डोळा (टोकाचं गोल भोक, ज्यातून बोल्ट जातो) खाली आल्यामुळे पूर्ण ॲक्सल फिरला होता आणि डिफरन्शिअलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) तोंड वर झालं होतं. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) कोन बिघडला होता. शिवाय वळणावर मागचा भाग कुल्हे हलवल्यासारखा डुलत होता.

आणि मुख्य म्हणजे, भरल्यावर गाडी पूर्वीएवढीच खाली गेली. रिकामी आणि भरलेली यांतला फरक तसाच, डावीकडे सहा, उजवीकडे सात. सुरुवात अडीच सेंमी वरून झाली, एवढंच. लांब शॅकलने पाट्यात ताकद येत नाही.

सोमवारी शॅकल काढून मूळचे लावले. नवे अंगणात कुंडीखाली आहेत.

त्याच दिवशी आणखी एक सल्ला मिळाला: पुढचे टॉर्शन बार सैल करून पुढचं तोंड खाली घे, म्हणजे गाडी समतल दिसेल. तो मात्र ऐकला नाही.

५ डिसेंबर

हे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सिन्नर रोडवरच्या वजनकाट्यावर गेलो. एका दिवसात दोन फेऱ्या, रिकामी आणि भरून. प्रत्येक वेळी आधी पूर्ण गाडी काट्यावर, मग फक्त मागची चाकं. काटेवाल्याला दुसरी मागणी विचित्र वाटली, पण दिली पावती.

मी एकटा बसलेला, डिझेलची टाकी भरलेली:
रिकामी: एकूण १,७९०. मागे ८६०, म्हणजे पुढे ९३०.
भरलेली: एकूण २,२५०. मागे १,३५०, पुढे ९००.

काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने दाखवतो, तेवढी चूक धरा. सामान ४६० किलो. यावर आम्ही आणखी दोघं बसतो. आरसीवरचा एकूण वजनाचा आकडा पाहिला, कागदाची घडी केली आणि खिशात टाकला.

पण मला खरा धक्का दुसऱ्या आकड्याचा बसला. सामान ४६० आणि मागच्या ॲक्सलवर वाढले ४९०. हे तीस किलो आले कुठून? पुढून. पुढची चाकं तीस किलोने हलकी झाली. मागच्या चाकांच्या पाठीमागे वजन टांगलं की गाडी तराजूसारखी वागते. मागच्या दारावर डिझेलचे दोन कॅन लटकवले होते, ४२ किलो, ॲक्सलपासून पाऊण मीटर मागे. थारचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २,४३० मिमी. हिशेब केला तर ते ४२ किलो मागच्या ॲक्सलवर ५५ किलो होऊन बसत होते. दिवे झाडांवर का जात होते आणि ओल्या चढावर स्टिअरिंग हलकं का लागत होतं, दोन्हीचं उत्तर एकाच पावतीत.

रात्री घरच्या काट्यावर एकेक वस्तू मोजली. १०० मीटरचे सहा रोप ४८ किलो (कोरडे, दरीतल्या पाण्यातून आल्यावर काय होतात ते उचलणाऱ्यालाच विचारा). हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर ४५. तंबू ५४. पाण्याचे वीस लिटरचे सहा कॅन १२०. गॅस सिलिंडर ३०. पातेली आणि शेगडी ४०. शिधा ५५. डिझेल ४२. हत्यारं, साखळी, जॅक २६.

एकशेवीस किलो पाणी. नाशिकहून साम्रदला. ज्या गावात विहीर आहे तिथे.

७ डिसेंबर

साम्रदला ज्यांच्या घरी आम्ही जेवणाची सोय करतो त्या मावशींना फोन केला. त्यांच्या पडवीत एक पत्र्याची पेटी आणि दोनशे लिटरचं झाकणाचं पिंप ठेवायची परवानगी मागितली. मावशी म्हणाल्या, “ठेव की. गेल्या वर्षीच म्हटलं व्हतं, पाणी कशाला वाहून आणता म्हणून.” म्हटलं होतं खरं.

पेटी २,२०० रुपये, पिंप ९५०. तंबू आणि पातेली पेटीत गावातच राहणार. पाण्याचा एकच कॅन गाडीत. डिझेलचा एक कॅन रद्द, कारण घोटीत पंप आहे. उरलेला दारावरून काढून आत घेतला. सिलिंडर आणि रोप पुढच्या सीटच्या अगदी पाठीला लावून खाली, पट्ट्याने आवळून. हलकं आणि फुगीर सामान मागे.

पुन्हा काटा: एकूण २,०४०, मागे १,०८०, पुढे ९६०. काट्यावर एकूण २१० किलो कमी झाले, पण मागच्या ॲक्सलवरून २७० उतरले.

भरलेली: डावी ४६.२, उजवी ४४.०.

पाट्यांना हात लावायच्या आधी अर्ध्याहून जास्त दुखणं गेलं. पिंप आणि पेटी मिळून ३,१५० रुपये. शॉकअप आणि शॅकलवर मी ६,८०० घालवून बसलो होतो.

१० डिसेंबर

फेरी झाली. ठोकळ्यावर आपटणं दोनदाच, तेही उडदावण्याच्या पुढे, तिथे कुणाचीही गाडी आपटते. समोरच्यांचे डिपर बंद. उजवी बाजू मात्र अजून खाली, आणि डावीपेक्षा जास्तच दबते. आता पाटे उघडल्याशिवाय सुटका नाही.

१८ डिसेंबर

आडगावला ट्रक टर्मिनसच्या बाजूला पाट्यांची कामं करणारे एक चाचा आहेत. ट्रकचेच पाटे करतात, थार पाहून हसले. पण कामाला घेतली.

चेसिसखाली घोडे (आधाराचे स्टँड) लावून गाडी उचललेली, ॲक्सल जॅकवर. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट सुटेनात, गंजून एकजीव झाले होते, ग्राइंडरने कापले. तसेही जुने यू बोल्ट परत वापरू नयेत, एकदा ताणले की त्यांचा जीव गेलेला असतो. नवे चार, ८८० रुपये.

उजवा जुडगा (पाट्यांचा संच) उघडला. सहा पाटे, त्यातला एक दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा, रुंदीला दोन मिमी कमी. आधीच्या मालकाची कृपा. चाचांनी पाटे तारेच्या ब्रशने घासले, डिझेल फासलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. दोन मिनिटांनी चौथ्या पाट्यावर सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकातून दोन्ही बाजूंना एक ओली रेघ उमटली. तडा. आत शिरलेलं डिझेल खडू शोषून घेतो. नुसत्या डोळ्यांना तो पाटा साबूत वाटत होता. १९ नोव्हेंबरचा दीड सेंमी इथे होता.

आणखी एक: जुडग्याला बांधणाऱ्या क्लिपा एका बाजूच्या गायब. क्लिप नसली की चाक खाली लटकतं तेव्हा सगळा ताण एकट्या मेन (सगळ्यात लांब) पाट्यावर येतो, बाकीचे सुटे राहतात.

चाचांना विचारलं, पाटे तापवून पुन्हा कमान (बाक) देणार का? ते म्हणाले, “तापवून कमान पटकन येते आणि पटकन जाते. लाल केलेल्या पाट्याला नीट पाणी पाजलं नाही तर तो पाटा राहत नाही, पट्टी होते.” ते थंडच ठोकतात. ऐरणीवर पाटा आडवा, घण, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट-बोट अंतरावर. मधूनमधून जुन्या पाट्यावर ठेवून फट बघायची. दोन्ही जुडग्यांना तीन तास लागले. कमान १,४००, सेंटर बोल्ट आणि क्लिपा ४४०.

तडा गेलेला आणि तो परका पाटा, दोन्हींच्या जागी योग्य मापाचे जुने-चांगले पाटे त्यांनी भंगारातून शोधून कमानीच्याच पैशात घातले. इथे थांबायला हवं होतं.

मी म्हटलं, चाचा, दोन्हीकडे दोन-दोन जादा घाला. ते म्हणाले, “एक पुरे. दोन घातले तर रिकाम्या गाडीत पोटातलं पाणी हलेल.” मी हट्ट धरला. मला वाटलं, वजन नेतो तर मजबूत हवं. जादा चार पाटे, तोलून घेतले, २,८०० रुपये.

२१ डिसेंबर

रिकामी: ५४.०, ५४.५. गाडी मागून डोकं खाली घातलेल्या बैलासारखी. गतिरोधकावर मागची सीट छताला. रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारला तर मागचं चाक किंचित सरकलं.

२५ डिसेंबर

नाताळच्या गर्दीची तीन दिवसांची फेरी. भरलेली गाडीसुद्धा दगडासारखी. घाटघरच्या अलीकडे आडव्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर मागची चाकं जमिनीला टेकेचनात, नुसती टपटप. मागे बसलेल्या मित्राने शेवटचे पाच किलोमीटर चालत यायची तयारी दाखवली.

ज्यांना हा हट्ट करायचा असेल त्यांच्यासाठी: पाट्याचा ताठरपणा संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या बाबतीत घनाने वाढतो. सहाऐवजी सात मिमीचा पाटा घेतलात तर तो एकटाच जवळजवळ १.६ पट ताठर असतो. माझे जादा पाटे सातचे होते.

२८ डिसेंबर

परत आडगाव. चाचा काही बोलले नाहीत, फक्त एक-एक पाटा काढला. उघडण्या-बसवण्याचे ७०० रुपये. काढलेले दोन पाटे शॅकलशेजारी, त्याच कुंडीखाली.

याच वेळी शॅकलचे आणि पुढच्या डोळ्यांचे रबरी बुश (बोल्टभोवतीच्या नळ्या) बदलले, १,३५० रुपये. बुश मी स्वतः बसवले आणि दोन चुका केल्या.

पहिली: डोळ्याचे बोल्ट गाडी हवेत असतानाच पूर्ण आवळले. गाडी खाली उतरली तसा बुशच्या आतला रबर पिळला गेला आणि दुसऱ्या दिवसापासून कुईकुई सुरू. नियम असा की बोल्ट आधी हातघट्ट ठेवायचे, गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी करायची, दोनदा हलवायची आणि मगच शेवटचं आवळायचं. परत सैल करून तसं केलं, आवाज गेला. एक संध्याकाळ वाया.

दुसरी जास्त गंभीर: डाव्या बाजूला सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या पॅडच्या (पाटे टेकतात त्या बैठकीच्या) भोकात न बसता काठावर बसलं होतं, आणि मी वरून यू बोल्ट आवळत होतो. गाडी चालवून कळलं नसतं इतक्यात. कळलं ते दोरीमुळे: पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणून मोजली, सहा मिमीचा फरक. सोडलं, जॅकने ॲक्सल सरकवला, टक् करून डोकं भोकात गेलं. दोन्ही दोऱ्या सारख्या. पाट्याचं काम कुणाकडूनही करून घेतलंत तरी ही दोरी एकदा लावाच.

यू बोल्ट टॉर्क पान्याने, फुलीच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या आकड्याला.

रिकामी: ५१.५, ५१.०.

१४ जानेवारी २०२४

दोन फेऱ्या झाल्या. शंभर किलोमीटरला यू बोल्ट पुन्हा पाहिले तेव्हा चारही थोडे-थोडे फिरले, पाव वळसा तरी. पाचशेला पुन्हा पाहिले, फिरले नाहीत. ही पायरी गाळू नका. यू बोल्ट सैल राहिला की सेंटर बोल्टवर ताण येतो, आणि तो तुटला की ॲक्सल आपल्या मर्जीने मागेपुढे होतो.

दिव्यांचा झोत भिंतीसमोर उभं करून नव्याने लावला, भरलेल्या गाडीवर.

खर्चाची वही आज मांडली. एकूण १७,७०० रुपये, त्यात वजनकाट्याच्या सहा पावत्यांचे १८०. यातले शॉकअप, शॅकल, जादा दोन पाट्यांचे १,४०० आणि परत उघडायचे ७०० धरले तर ८,९०० माझ्या घाईचे. बायकोने आकडा पाहिला आणि कुंडी हलवून खाली काय काय आहे ते मोजलं.

११ फेब्रुवारी

पाटे बसले. थंड ठोकलेली कमान थोडी उतरते, चाचांनी आधीच सांगितलं होतं. सुमारे दोन हजार किलोमीटरनंतर:

रिकामी: ५०.५, ५०.२.
भरलेली: ४८.०, ४७.६.

भरल्यावर अडीच सेंमी दबते, दोन्ही बाजूंना जवळपास सारखी. ठोकळ्यावर आपटण्याचा आवाज या महिन्यात एकदाही नाही. रिकामी गाडी अजून जरा कडक आहे. मागच्या टायरमधली हवा चार पौंडांनी कमी केल्यावर सुसह्य झाली, पण सामान भरायच्या आधी ती परत भरावी लागते. गेल्या शनिवारी विसरलो.

मागून एक बारीक कटकट येत होती, तीन दिवस पाट्यांखाली शोधली. हार्डटॉपचा एक बोल्ट निघाला.

साम्रदचं पिंप मावशींच्या शेळीने एकदा पाडलं. आता ते भिंतीला दोरीने बांधलंय. पुढची मोजणी मेअखेर, पावसाआधी दरी बंद झाली की.